ओल्या गवतातली पिवळी चिठ्ठी

बसथांब्याजवळच्या ओल्या गवतात ती पिवळी चिठ्ठी पडली होती. तळहाताएवढी, जाड कागदाची, कोपऱ्यात शाळेच्या गरुडाचं चित्र. रात्रभराच्या पावसानं शाई पसरली होती, तरी वाचता येत होतं. एका मुलाचं नाव, शिक्षिकेच्या नावाची आद्याक्षरं आणि छापलेल्या तीन चौकोनांपैकी मधल्या चौकोनावर बरोबरची खूण : 'जबाबदारी'. अशा पाच चिठ्ठ्या साठल्या की शाळेच्या दुकानातून एक ग्रॅनोला बार मिळतो. मुलगा अकरावीतला, म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा. चिठ्ठी फाडलेली नव्हती, चुरगाळलेलीही नव्हती. दोन घड्या नीट घातलेल्या होत्या. आधी खिशात ठेवली असणार, आणि मग बस येईपर्यंतच्या त्या रिकाम्या वेळात कधीतरी हातातून सुटू दिली असणार. रागानं फेकलेल्या वस्तूचं कारण कळतं. इतक्या हलकेच सोडून दिलेल्या वस्तूचं कळत नाही, आणि म्हणूनच ती मनातून जात नाही.

ओरेगन राज्यातल्या त्या हायस्कूलमध्ये पीबीआयएस सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. पॉझिटिव्ह बिहेव्हियरल इंटरव्हेन्शन्स अँड सपोर्ट्स हे त्याचं लांबलचक नाव. मराठीत सांगायचं तर, मुलानं चुकायची वाट बघत न बसता बरं वागणं आधी शिकवायचं, ते दिसलं की सांगायचं, आणि ज्याला जास्त आधार लागतो त्याला वेळेत तो द्यायचा. कॉरिडॉरभर नवे फलक लागले होते, त्यांच्या प्लास्टिकचा वास अजून गेला नव्हता. आदर, जबाबदारी, सुरक्षितता. प्राथमिक शाळेत हेच फलक लावले की मुलं ते मोठ्यानं वाचतात. हायस्कूलची मुलं त्यांच्याखालून कानांत इयरफोन घालून जातात, आणि तिसऱ्या दिवशी एखाद्या अक्षराला मिशी फुटलेली असते.

या पद्धतीचं मूळ शाळेत नाही, आणि हे लक्षात ठेवलं नाही तर ती नुसती बक्षिसांची योजना होऊन बसते. १९८०च्या दशकात अमेरिकेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांचं 'वागणं सुधारण्या'साठी विजेचे झटके, तोंडावर पाण्याचे फवारे, नाकाशी अमोनिया असले उपाय संस्थांमधून वापरले जात. त्यांच्याविरुद्ध जे संशोधक उभे राहिले, त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : हा माणूस या वागण्यातून काय मागतो आहे? एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग चारच मुलांवरचा होता. काही मुलं मोठ्यांचं लक्ष नसलं की बिथरत, काही काम अवघड झालं की बिथरत. त्यांनी मुलांना एकेक वाक्य शिकवलं. लक्ष हवं असलेल्याला 'मी काम बरं करतोय का?' आणि अवघड जाणाऱ्याला 'मला हे समजत नाही.' ज्याला जे हवं होतं त्याचंच वाक्य मिळालं तेव्हा बिथरणं थांबलं. दुसऱ्याचं वाक्य दिल्यावर थांबलं नाही. शिस्तीच्या चर्चेत इतकी हळुवार गोष्ट क्वचित ऐकायला मिळते. मुलाला गप्प करण्यासाठी मुलाला बोलायला शिकवलं होतं.

आता बीजगणिताचा तास डोळ्यांसमोर आणा. दुपारी जेवणानंतरचा, खिडकीतून ऊन, फळ्यावर दोन अज्ञात राशी. मागच्या बाकावरचा मुलगा पुस्तक जमिनीवर आपटतो. शिक्षक सांगतात, उचल. तो म्हणतो, तुम्हीच उचला. दोन मिनिटांत तो ऑफिसच्या वाटेवर असतो आणि वर्ग पुन्हा शांत होतो. शिक्षकांना वाटतं शिक्षा झाली. मुलाला मात्र जे हवं होतं ते मिळालं : समीकरणापासून सुटका. आणि शिक्षकांनाही शांतता मिळाली. दोघांनाही फायदा झाला, म्हणून पुढच्या आठवड्यात हेच पुन्हा घडणार. तीन दिवस सस्पेंड केलं तर सुटका तीन दिवसांची, आणि परत आल्यावर समीकरण आणखी तीन धडे पुढे गेलेलं. वागणुकीच्या शास्त्रात ज्याला बळ मिळणं म्हणतात ते इथे शिक्षेच्या नावाखाली मिळत असतं. हे एकदा दिसलं की 'कडक शिस्त' हा शब्द पूर्वीसारखा ऐकूच येत नाही.

रॉब हॉर्नर आणि जॉर्ज सुगाई यांनी युजीनच्या ओरेगन विद्यापीठातून हा विचार एका मुलावरून संपूर्ण शाळेवर आणला. विद्यापीठापासून जवळच एल्मायरा नावाच्या गावात फर्न रिज मिडल स्कूल आहे. तिथे १९९०च्या दशकात त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला मुलांना पाच अपेक्षा शिकवल्या, त्याही वर्गात बसवून नव्हे तर कॉरिडॉर, कॅफेटेरिया, बसची जागा अशा ठिकाणी प्रत्यक्ष नेऊन. ऑफिसात पाठवल्या जाणाऱ्या मुलांचं प्रमाण त्या वर्षी ४२ टक्क्यांनी घटलं. १९९७मध्ये अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात अशा उपायांचा उल्लेख आला, पुढच्या वर्षी या पद्धतीसाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झालं, आणि आज २५ हजारांहून अधिक अमेरिकन शाळा हे करतात. त्यांत हायस्कुलं मात्र थोडी. का थोडी, याचं उत्तर मला त्या ओल्या गवतात दिसत होतं.

हायस्कूल म्हणजे एक शाळा नसतेच. प्राथमिक शाळेत पंचवीस शिक्षक, एक स्टाफरूम, एका मुलाची दिवसभर एकच बाई. हायस्कूलमध्ये सत्तर-ऐंशी शिक्षक, आठ-दहा विभाग. विज्ञानवाले वरच्या मजल्यावर जेवतात, खेळाचे प्रशिक्षक जिममध्ये. मुलगा दिवसाला सहा-सात शिक्षकांसमोर बसतो. एकाकडे टोपी चालते, दुसऱ्याकडे चालत नाही. एकाकडे फोन टेबलावर, दुसऱ्याकडे दप्तरात, तिसऱ्याकडे दारामागच्या बुटांच्या कप्प्यासारख्या पिशवीत. मुलं हे सगळं पाठ करतात. ज्यांना ते जमत नाही त्यांची नावं ऑफिसात पोचतात. म्हणून सुरुवात मुलांपासून करायची नसते. आधीचं अख्खं वर्ष मोठ्यांसाठी ठेवायचं असतं. निदान ८० टक्के कर्मचाऱ्यांनी गुप्त मतदानानं 'हो' म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि तीन ते पाच वर्षं हे काम चालेल हे मतदानाआधीच सांगायचं. कर्मचारी म्हणजे शिक्षकच नव्हेत. सफाई करणारे, स्वयंपाकघरातले, बसचालक, फाटकावरचे सुरक्षारक्षक या सगळ्यांचं मत हवं. भांडण कुठे सुरू होतं हे प्रिन्सिपलच्या आधी कॅफेटेरियातल्या बाईंना ठाऊक असतं.

मत ६० टक्क्यांवर अडलं तरी पुढे जाण्याचा मोह फार होतो. निधी आलेला असतो, फलक छापून झालेले असतात. अशा ठिकाणी नोव्हेंबरपर्यंत अर्धे वर्ग एका शाळेत असतात आणि अर्धे दुसऱ्या.

'मी केमिस्ट्री शिकवायला आले आहे, वागणं शिकवायला नाही.'

हे वाक्य प्रत्येक हायस्कूलमध्ये ऐकू येतं आणि ते हसण्यावारी नेऊ नये. त्यामागे थकवा आहे, दीडशे मुलांच्या वह्या आहेत, आणि सतराव्या वर्षी तरी मुलाला कळायला हवं ही रास्त अपेक्षा आहे. पण त्याच केमिस्ट्रीच्या बाई बन्सन बर्नर कसा पेटवायचा हे गृहीत धरत नाहीत. आधी सांगतात, मग स्वतः पेटवून दाखवतात, मग एकेका मुलाकडून करून घेतात, चष्मा घातला नसेल तर तिथेच थांबवतात, आणि नीट जमलं की 'हं, असंच' म्हणतात. मुलाचा हात चुकला तर त्याला तीन दिवस घरी पाठवत नाहीत. गटात असहमती कशी बोलून दाखवायची, उशीर झाला तर तास मोडू न देता आत कसं यायचं, हेही तसंच शिकवता येतं. ज्या शाळेत हा बर्नरचा दाखला विज्ञानाच्याच शिक्षकांनी स्वतःहून दिला, तिथे निम्मं काम झालं असं समजावं.

मग सहा ते आठ जणांचा गट बसतो. त्यात प्रिन्सिपल किंवा उपप्रिन्सिपल असलेच पाहिजेत, कारण वेळापत्रक आणि पैसा त्यांच्या हातात. विभागांचे शिक्षक, काउन्सेलर, विशेष शिक्षणातले एक, एक पालक, आणि हायस्कूलमध्ये न चुकता दोन-तीन विद्यार्थी. विद्यार्थी परिषदेतले गुणी विद्यार्थी तर घ्यावेतच, शिवाय ज्याचं नाव ऑफिसच्या रजिस्टरात वारंवार येतं असाही एखादा. अपेक्षा तीन ते पाच, त्याहून जास्त नकोत. मग एक तक्ता करायचा : आडव्या ओळीत जागा, उभ्या ओळीत अपेक्षा, आणि प्रत्येक चौकटीत दोन-तीन ठोस कृती. कॉरिडॉरमध्ये जबाबदारी म्हणजे 'जबाबदारीनं वागा' नव्हे. 'पहिली घंटा झाली की लॉकर बंद करा, उजव्या बाजूनं चालत राहा'. कसोटी एवढीच, की दोन अनोळखी माणसांनी पाहून दोघांनीही सारखंच उत्तर द्यावं, हे घडलं की नाही. वाक्यं शक्यतो 'करू नका'ची नसावीत, कारण धावू नका म्हटल्यावर काय करायचं ते उरतंच. इथे दोन चुका हटकून होतात. शाळेच्या चिन्हाच्या नावातल्या एकेका अक्षरावरून एकेक अपेक्षा बसवण्याच्या नादात नको ते शब्द घुसतात. आणि दुसऱ्या शाळेचा तक्ता जसाच्या तसा उचलला जातो, ज्यातल्या जिन्याला या शाळेत मजलाच नसतो.

शिकवण्याचं गणित हायस्कूलमध्ये वेगळं करावं लागतं. बाराशे मुलांचे तीस-तीसचे चाळीस गट होतात, आणि सहा जागा धरल्या तरी एकेका जागी सहा-सात गट एकाच वेळी येतील. म्हणून प्रत्यक्ष जागेवर नेऊन शिकवणं नववीपुरतं ठेवतात, कारण अमेरिकन हायस्कूल नववीपासून सुरू होतं. तीनशे मुलं, दहा गट, प्रत्येक जागी वीस मिनिटं, शाळा सुरू होण्याआधीच्या दोन सकाळी. मोठ्या मुलांसाठी आठवड्याच्या मार्गदर्शन तासातली पंधरा मिनिटं. चुकीचं कसं दिसतं ते दाखवायचं असेल तर ते मोठ्यांनीच करून दाखवायचं, मुलांकडून चुकीचा सराव कधीच करून घ्यायचा नाही. बारावीच्या मुलांना नववीसमोर उभं केलं की ती स्वतः शिकतात आणि नववीला ऐकायलाही लावतात. नाताळच्या सुट्टीनंतर आणि वसंताच्या सुट्टीनंतर उजळणी. नववीवर एवढा भर देण्याचं कारण शिकागोच्या संशोधकांनी २००५मध्येच आकड्यांत मांडलं होतं : नववीच्या अखेरीस जी मुलं पुरेसे क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याचे गुण, मिळवून मार्गावर असतात, त्यांची चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता मार्गावरून घसरलेल्यांच्या साडेतीन पट. हायस्कूलचा पहिला सप्टेंबर इतका महागडा असतो.

सगळ्यात कठीण बैठक मात्र शब्दांची. कुठली गोष्ट वर्गातच सोडवायची आणि कुठली ऑफिसात पाठवायची? पेन नाही, डुलकी, कुजबुज हे वर्गात. मारामारी, शस्त्र, अमली पदार्थ हे ऑफिसात. इथवर कुणी भांडत नाही. भांडण 'उद्धटपणा'वर होतं. एकाला डोळे फिरवणं उद्धट वाटतं, दुसऱ्याला उत्तर देणं, तिसऱ्याला गप्प राहणं. रसेल स्कीबा आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये एका मोठ्या शहरातल्या मिडल स्कुलांच्या नोंदी तपासल्या. गोऱ्या मुलांना ऑफिसात पाठवण्याची कारणं धूम्रपान, मोडतोड, शिवीगाळ, परवानगीशिवाय बाहेर जाणं अशी होती, डोळ्यांना दिसणारी. काळ्या मुलांची कारणं अनादर, जास्त आवाज, धमकी, रेंगाळणं. म्हणजे पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून असणारी. कॅलिफोर्नियानं तर २०२४च्या जुलैपासून नुसत्या 'अवज्ञे'साठी हायस्कूलच्या मुलांना सस्पेंड करणं थांबवलं. म्हणून शब्दाची व्याख्या लिहायची, शेजारी तीन उदाहरणं आणि तीन 'हे नव्हे'ची उदाहरणं द्यायची, आणि मग सगळ्या शिक्षकांना दहा कल्पित प्रसंग देऊन वर्ग की ऑफिस हे निवडायला सांगायचं. पहिल्या फेरीत उत्तरं इतकी वेगळी येतात की खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. ती शांतता मला या साऱ्या कामातली मोलाची गोष्ट वाटते.

आपल्याकडच्या शाळांत या शब्दांची जागा शेऱ्यानं घेतली होती. डायरीत लाल शाईनं 'वर्गात मस्ती करतो', खाली पालकांची सही. मस्ती म्हणजे नेमकं काय, हे ना लिहिणाऱ्यानं सांगितलं, ना सही करणाऱ्यानं विचारलं. सर बाहेर गेले की मॉनिटर खडू घेऊन फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायचा, आणि नावापुढे फुल्या वाढत जायच्या. त्या चाळीस मिनिटांत ज्यांनी शेजारच्याला गणित समजावलं त्यांचं नाव लिहायला फळ्यावर जागाच नव्हती; उलट तेही बोलणंच, म्हणून फुली. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी आणली, कायदा २०१०च्या एप्रिलपासून लागू झाला, तोही सहा ते चौदा वयापर्यंतच्या मुलांसाठी. छडी कपाटात गेली, ते फार चांगलं झालं. पण कपाटातून दुसरं काय बाहेर काढायचं, हे बहुतेक शिक्षकांना कुणी शिकवलंच नाही. साठ मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या त्या शिक्षकाची घुसमट खरी आहे, आणि 'आता मुलांना धाक राहिला नाही' या वाक्यात तीच बोलते.

धाकाच्या जागी काय, याचं या पद्धतीचं उत्तर नीरस वाटेल असं आहे : नोंदी. प्रत्येक रेफरलवर, म्हणजे मुलाला ऑफिसात पाठवताना भरायच्या कागदावर, काय झालं, कुठे, किती वाजता, कोण होतं, आणि वागण्यातून काय साधलं असावं, एवढंच, दोन मिनिटांत भरता येईल असं. दर महिन्याला गट बसतो आणि दिवसाला सरासरी किती, हे आधी बघतो. एकूण संख्या फसवी असते, कारण डिसेंबरात शाळेचे दिवसच कमी. बाराशे मुलांच्या शाळेत १८० दिवसांत ९०० रेफरल झाले, म्हणजे दिवसाला पाच, असं धरा. ऐकायला फार वाटत नाही. पण एकेकाला उपप्रिन्सिपलची पंधरा मिनिटं लागली तर २२५ तास होतात, साडेसात तासांचे तीस पूर्ण दिवस. मुलाचा एकेक तास बुडाला, पंचेचाळीस मिनिटांचा, तर ६७५ तास. मग जागा आणि वेळ यांचे स्तंभ बघायचे. समजा दुपारच्या जेवणानंतरच्या मधल्या वेळेचा स्तंभ बाकीच्यांच्या दुप्पट आहे आणि जागा खालच्या मजल्याचा जिना. तर मुलं वाईट आहेत असा अर्थ होत नाही. सहाशे मुलं चार मिनिटांत एका जिन्यानं वर जाताहेत असा होतो. चढायला एक जिना, उतरायला दुसरा. आणि शिक्षकांनी आपल्या दारात नुसतं उभं राहायचं नाही. चालत राहायचं, नजर फिरवत ठेवायची, नावानं हाक मारून दोन शब्द बोलायचे, आणि गर्दी वाढण्याआधीच आठवण करून द्यायची. यावरचे प्रयोग १९९०च्या दशकापासून झालेले आहेत. देखरेख करणाऱ्यांची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांनी फिरत राहून मुलांशी बोलण्याचा परिणाम मोठा असतो. दोन शिक्षक एकमेकांशी गप्पा मारत भिंतीला टेकलेले असतील, तर ते तिथे नसल्यासारखेच.

आणि मग पुन्हा ती चिठ्ठी.

बक्षिसं देऊन मुलांना लाचार करताय, हा आक्षेप शिक्षकांचा असतो, तसाच अमेरिकेतल्या मराठी आईबाबांचाही. आपल्या घरात 'नीट वागलास म्हणून' कुणी काही दिलेलं नसतं. शाबासकी फार तर पाठीवर, तीही पाहुणे गेल्यावर. आक्षेपाला आधार आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३च्या प्रयोगात, चित्र काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, तेव्हा नंतर त्यांचा चित्रांतला रस कमी झाला. पण ज्यांना न सांगता, अचानक दिलं, त्यांचा रस कमी झाला नाही. हा दुसरा भाग सांगायचा राहून जातो. चिठ्ठीचं काम ग्रॅनोला बार मिळवून देणं हे नव्हेच. ती मोठ्या माणसाला आठवण करून देणारी खुंटी आहे. खिशात पाच चिठ्ठ्या आहेत म्हणजे दिवसभरात पाच वेळा तरी मला काहीतरी बरं दिसलं पाहिजे. एका टोकण्यामागे चार-पाच वेळा नेमकं कौतुक, असं प्रमाण या कामात सांगितलं जातं. मोबाइलवर मोजून बघितलं तर बहुतेक वर्गांत प्रमाण उलटं निघतं, आणि ते मोजणाऱ्या शिक्षकाचा चेहरा बघवत नाही.

चिठ्ठ्या बिघडतात कशा, हेही ठरावीक आहे. कुणीतरी शुक्रवारी दुपारी गठ्ठा संपवायचा म्हणून पहिल्या बाकावर वाटून टाकतं. कुणी फक्त त्रास देणाऱ्यांना देतं, म्हणजे रोज नीट वागणाऱ्या मुलीला कळतं की इथे दिसायचं असेल तर आधी पुस्तक आपटावं लागतं. कुणी दिलेली चिठ्ठी चिडून काढून घेतं. हे तर कधीच करू नये, मिळवलेलं परत घेतलं की सगळ्या व्यवस्थेवरचा विश्वास जातो. आणि हायस्कूलमध्ये सगळ्यात मोठी चूक म्हणजे माइकवरून नाव पुकारणं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मित्रांदेखत शिक्षकाचं लाडकं ठरणं ही शिक्षा असते. त्याला जे हवं असतं ते वेगळं : जेवणाच्या रांगेत पाच मिनिटं आधी जाणं, गाडी लावायला दाराजवळची जागा, एक गृहपाठ माफ, आवडत्या मित्राशेजारी बसायची मुभा. आणि घरी गेलेला एक फोन, ज्यात तक्रार नाही. शाळेचा नंबर दिसला की आईच्या पोटात गोळा येतो. तिनं फोन उचलावा आणि पलीकडून कुणी म्हणावं, 'काही झालेलं नाही, फक्त सांगायचं होतं.' हे मुलांना हवं असतं, जरी ती तसं कधी म्हणणार नाहीत.

एवढं करूनही शंभरातल्या वीसेक मुलांना पुरत नाही, आणि ते अपयश नसतं, आराखड्यातच धरलेलं असतं. वर्षात दोन ते पाच रेफरल झालेल्यांसाठी दुसरी पायरी. त्यातला सगळ्यात वापरला जाणारा उपाय साधा आहे. सकाळी मुलगा एका ठरलेल्या मोठ्या माणसाला भेटतो, दोन-तीन मिनिटं. जेवलास का, पेन आहे का, आजचं लक्ष्य काय. एक कार्ड घेतो. प्रत्येक तासाला शिक्षक शून्य, एक किंवा दोन गुण देतात आणि एक वाक्य बोलतात. दिवसाअखेर पुन्हा तीच भेट, बेरीज, ८० टक्के झाले का ते बघणं, आणि कार्ड घरी सहीला. हायस्कूलमध्ये याला अभ्यासाच्या सवयींचा एक तास जोडावा लागतो, कारण इथे वागणं आणि नापासी एकमेकांत अडकलेली असतात. ज्याला मोठ्यांचं लक्ष हवं आहे त्याच्यासाठी हे कार्ड चांगलं चालतं. ज्याला कामापासून पळायचं आहे त्याच्या दिवसात आणखी सात माणसांचं लक्ष ओतून उपयोग नसतो. त्याला विश्रांती मागायला शिकवायचं, आणि भागाकार कुठे सुटला होता ते शोधायचं. 'मला हे समजत नाही' हे वाक्य इथे परत येतं. सहा किंवा त्याहून जास्त वेळा ऑफिसात गेलेल्या मोजक्या मुलांसाठी तिसरी पायरी, जिथे एकेका मुलाभोवती माणसं बसतात, वागण्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय मिळालं ते आठवडाभर लिहितात, आणि त्याच्यापुरता आराखडा करतात. तिथे कार्ड, चिठ्ठ्या, फलक काही पुरत नाही. माणूसच लागतो, आणि भरपूर वेळ.

दुसऱ्या वर्षी हे सगळं ढासळतं ते बहुधा प्रिन्सिपलची बदली झाल्यावर. किंवा गटाची बैठक एकदा परीक्षेमुळे, एकदा बर्फामुळे रद्द होते आणि तिसऱ्यांदा कुणी बोलावतच नाही. ऑगस्टमध्ये नवे पंधरा शिक्षक येतात, त्यांना तक्ता दाखवायचा राहून जातो. हायस्कुलांवरचा मोठा अभ्यास २०१४चा, बारा शाळांचा, तीन वर्षांचा. जिथे ही पद्धत आणली तिथे रेफरल घटले. आणि जितकं काम प्रामाणिक, तितकी घट जास्त. नुसते फलक पुरत नाहीत.

ऑक्टोबरातल्या बैठकीत ती पिवळी चिठ्ठी टेबलावर आली, वाळून कडक झालेली. गटातली बारावीची मुलगी ती उलटसुलट करून म्हणाली, 'पण त्यानं केलं काय होतं?' चिठ्ठीवर ते नव्हतंच. चौकोन होता, खूण होती, आद्याक्षरं होती. नोव्हेंबरात नव्या चिठ्ठ्या छापल्या. तिन्ही चौकोन काढले, गरुड लहान केला, आणि दोन रिकाम्या ओळी ठेवल्या : तू काय केलंस, आणि त्यानं कुणाचं काय सोपं झालं. भरायला वीस सेकंद लागतात. पहिल्या आठवड्यात निम्म्या शिक्षकांनी तक्रार केली की एवढा वेळ नाही, आणि ती तक्रार खरीच होती.

आद्याक्षरं केमिस्ट्रीच्या बाईंची होती. त्यांना आठवायला थोडा वेळ लागला. मग आठवलं. तास संपल्यावर सगळे बाहेर पडले होते, आणि हा मुलगा परत फिरून शेजारच्या टेबलाचा गॅसचा नळ घट्ट बंद करून गेला होता. टेबल त्याचं नव्हतं. त्या घाईत खूण करून त्यांनी चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली होती. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये त्यांनी त्याला बाजूला घेतलं, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, आणि सहा आठवडे उशिरा ते वाक्य पूर्ण केलं. त्यानं एक इयरफोन काढला. 'वास येत होता,' तो म्हणाला, आणि दुसरी घंटा झाली म्हणून उजव्या बाजूनं चालत गेला.